एक्स-रे पेशंटच्या फाईलला जोडायचा तर आधी नंबरचं पाहा, सॉफ्टवेअरचं मग

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे ना, की गडचिरोलीकडचं ट्रस्टचं ३० खाटांचं हॉस्पिटल, पेशंटचं रेकॉर्ड ठेवायला एका पोराने पीएचपीत बनवून दिलेलं सॉफ्टवेअर तीन वर्षांपासून चालू आहे, एक सीआर एक्स-रे (कॅसेटवर काढून कॉम्प्युटरवर वाचायचा) अन् एक सोनोग्राफी आहे, पण एक्स-रे सगळे कन्सोलच्या, म्हणजे मशीन चालवायच्या, कॉम्प्युटरमध्येच पडून राहतात. ओपीडीतल्या डॉक्टरला फोटो पाहायचा तर उठून एक्स-रे रूममध्ये जायचं, नाहीतर टेक्निशियन स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकतो. पॅक्सचं, म्हणजे फोटो साठवून सगळीकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचं, एक कोटेशन आलं ते ट्रस्टला झेपत नाही. तर हे फुकटच्या सॉफ्टवेअरवर जमते का, अन् आपल्याकडच्या नेटवर चालते का.

जमते. चालते पण. पण तुम्ही व्ह्यूअर, म्हणजे स्क्रीनवर फोटो दाखवणारं सॉफ्टवेअर, कोणता घेऊ ते विचारून राहिले, अन् ती सगळ्यात शेवटची गोष्ट आहे. मी पंधरा वर्षं हेच काम करून राहिलो, वर्धा-यवतमाळ-चंद्रपूर-गडचिरोली या पट्ट्यात, अन् ज्या जोडण्या फसलेल्या पाहिल्या त्यातल्या बहुतेक ठिकाणी सॉफ्टवेअर चांगलंच होतं. फसलं ते यामुळे की पेशंटचा नंबर एकाने नोंदणीच्या खिडकीत टाइप केला अन् दुसऱ्याने एक्स-रेच्या कन्सोलवर पुन्हा टाइप केला. बस.

एका हॉस्पिटलचं सांगतो, नाव नाही घेत. तिथे टेक्निशियन कन्सोलवर नाव अन् नंबर हाताने टाकायचा, अन् रात्री पॅक्स अन् रेकॉर्डचं सॉफ्टवेअर नंबर जुळवून लिंक करायचं. बाजाराचा दिवस, गर्दी, रांगेत दोन मडावीबाई, दोघींची वयं पन्नाशीतली, दोघींच्याही छातीचा एक्स-रे. एकीच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले अन् तो नंबर नेमका दुसरीचा निघाला. दोन दिवसांनी डॉक्टरने फाईल उघडली तर गळ्याच्या हाडात प्लेट अन् सहा स्क्रू दिसून राहिले, अन् समोर बसलेली बाई म्हणे माझं तर आयुष्यात ऑपरेशनच नाही झालं. प्लेट होती म्हणून सापडलं हो. छाती साफ असती अन् खरी टीबीवाली बाई घरी गेली असती तर कोणाला कळलं असतं?

म्हणून तुमच्या कामाचा पहिला शब्द पॅक्स नाही, वर्कलिस्ट आहे. मशीनच्या जगाची भाषा डायकॉम, रेकॉर्डच्या जगाची एचएल७. डायकॉमचं मूळ १९८५ चं, अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने अन् मशीन बनवणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेने मिळून काढलेलं, १९९३ पासून ते डायकॉम या नावाने अन् नेटवर्कवर बोलायच्या सोयीसकट आलं. एचएल७ वाले १९८७ पासूनचे. दोघांचं घराणं वेगळं म्हणून मधात दुभाष्या लागतो. मोठ्या हॉस्पिटलात त्यासाठी इंटिग्रेशन इंजिन नावाचं वेगळं सॉफ्टवेअर असते. तुमच्याकडे एक्स-रे एक, सोनोग्राफी एक, तुम्हाला ते काही नको. तुमचं सॉफ्टवेअर बनवणारा पोरगा अजून फोन उचलत असेल तर दोनशे-तीनशे ओळींच्या कोडमध्ये भागते.

वर्कलिस्ट म्हणजे काय तर ओपीडीत डॉक्टरने एक्स-रे लिहिला की ती ऑर्डर आपोआप एक्स-रे रूमच्या कन्सोलवर यादीत दिसते. नाव, नंबर, स्त्री-पुरुष, जन्मतारीख, कोणत्या अंगाचा काढायचा, सगळं. टेक्निशियन फक्त ओळीवर बोट ठेवतो, टाइप काहीच करत नाही, अन् मशीन ती माहिती फोटोच्या आत शिक्क्यासारखी मारून देते. त्यात दोन शिक्के महत्त्वाचे. एक पेशंट आयडी, जो माणसाला जन्मभर एकच. दुसरा ॲक्सेशन नंबर, जो दर ऑर्डरला नवा. बरेच जण दुसऱ्याकडे लक्षच देत नाहीत, अन् पुढे सगळी भानगड तिथेच होते, काहून की एकाच बाईचे वर्षभरात छातीचे चार एक्स-रे असतात अन् कोणता कोणत्या तपासणीचा ते या नंबरानेच कळते. हा नंबर डायकॉममध्ये जास्तीत जास्त १६ अक्षरांचा असतो हे त्या पोराला आजच सांगून ठेवा. एका ठिकाणी ऑर्डर नंबर मोठ्या थाटाचा बनवला होता, आधी विभागाचं नाव, मग तिरपी रेघ, मग आर्थिक वर्ष, मग पुन्हा रेघ अन् शेवटी खरा नंबर. कन्सोलने १६ अक्षरं ठेवली अन् शेपूट कापली, अन् खरा नंबर तर शेपटीतच होता, म्हणजे महिनाभर सगळ्या पेशंटांचा ॲक्सेशन नंबर एकच. वर्षाचे दोन आकडे अन् पुढे सहा आकडे, रेघ नाही, टिंब नाही, एवढंच ठेवा.

आता सॉफ्टवेअर. मी तुमच्यासारख्या ठिकाणी ऑर्थँक नावाचं फुकटचं पॅक्स लावतो. बेल्जियममधल्या लिएजच्या विद्यापीठ हॉस्पिटलात बनलेलं, २०१२ पासून मोकळं उपलब्ध, साध्या डेस्कटॉपवर चालते. (तुम्ही शून्यापासून सुरू करत असते तर मी बहम्नी हे हॉस्पिटलचं फुकट सॉफ्टवेअर घ्या म्हटलं असतं. छत्तीसगडात बिलासपूरजवळ गनियारीला जन स्वास्थ्य सहयोगच्या हॉस्पिटलात ते आधी वापरात आलं, आपल्यासारख्याच मुलखासाठी बनलेलं, त्यात रेकॉर्डचं ओपनएमआरएस अन् पॅक्सचं dcm4chee हे दोन्ही आधीच जोडून येते. पण तीन वर्षांचा डाटा एका सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो उपसून दुसरीकडे नेणं म्हणजे ऐन रोवणीच्या दिवसात बांध बदलणं.) ऑर्थँकमध्ये वर्कलिस्टचं एक प्लगइन आहे, ते एका फोल्डरकडे पाहत राहते. त्या फोल्डरमध्ये दर ऑर्डरची एक छोटी फाईल पडली की कन्सोलने विचारल्यावर ती यादीत जाते. तुमच्या सॉफ्टवेअरने फक्त ती फाईल पाडायची. डीसीएमटीके नावाचा फुकट हत्यारांचा डबा मिळतो, त्यातलं एक हत्यार साध्या टेक्स्टची डायकॉम फाईल करून देते. अन् फोटो येऊन पोचला की ती फाईल काढून टाकायची, नाहीतर दिवाळीपर्यंत यादी शंभर फूट लांब होते अन् टेक्निशियन पुन्हा हाताने टाइप करायला लागतो. फोटो पोचला हे ऑर्थँकच सांगतो, एखाद्या तपासणीत मिनिटभर नवी प्रतिमा आली नाही की ती पूर्ण झाली असं धरतो, तेव्हा छोटी स्क्रिप्ट चालवून तुमच्या सॉफ्टवेअरला निरोप द्या की या ॲक्सेशन नंबराचा एक्स-रे आला.

पहिल्या दिवशी जी गोष्ट हमखास छळते ती अशी. कन्सोलवरून टेस्टचं बटण दाबलं, इको, म्हणजे जोडणीची चाचणी, यशस्वी. एक्स-रे पाठवला, पोचला. वर्कलिस्ट मागितली, रिकामी नाहीतर एरर. सगळे म्हणतात मशीन खराब. मशीन ठीक आहे. ऑर्थँक अनोळखी मशीनकडून फोटो घेतो, पण अनोळखी मशीनला पेशंटांची यादी देत नाही, अन् बरोबरच आहे त्याचं. तुमच्या कन्सोलचं नाव, आयपी अन् पोर्ट त्याच्या सेटिंगमध्ये लिहून द्यायला पायजे. त्या नावाला एई टायटल म्हणतात, तेही १६ अक्षरांच्या आत, अन् डायकॉमच्या नियमाने लहान-मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी धरली जातात. ते झाल्यावरही रिकामी आली तर पाहा की तुम्ही ऑर्डरमध्ये मशीनचा प्रकार डीएक्स (थेट डिजिटल एक्स-रे) लिहिला अन् कन्सोल सीआर मागून राहिला असं तर नाही. या एका अक्षरजोडीपायी मी अहेरीच्या रस्त्यावरून दोनदा परत गेलेलो आहो.

अन् तारीख! हे तर लिहायलाच पायजे. एका ग्रामीण हॉस्पिटलात सहा महिने झक्कास चाललेली वर्कलिस्ट एका सकाळी गायब. फोन आला, “सर, लिस्टच येऊन नाही राहिली, काल रातीपर्यंत येत होती.” मी नागपुरातून लॉगिन करून पाहिलं, सर्व्हर ठीक, फाईली जागेवर, नेटवर्क ठीक. दोन तास गेले. शेवटी टेक्निशियनला म्हटलं कन्सोलच्या कोपऱ्यात घड्याळात काय दिसते ते वाच. तो म्हणे, “१ जानेवारी, सर.” पोळ्याचा आदला दिवस होता. रात्रभर लाईन नव्हती, यूपीएस बसला, अन् कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल केव्हाचा मेलेला, तर तारीख मागे गेली. कन्सोल बिचारा इमानदारीने “आजच्या” ऑर्डरी मागत होता, अन् त्याच्या आजला आपल्याकडे कोणतीच ऑर्डर नव्हती. दहा-वीस रुपयांचा सेल. तेव्हापासून मी कोणत्याही ठिकाणी आधी सेल बदलतो अन् सगळ्या मशीनी सर्व्हरच्या घड्याळाला बांधून देतो, मग बाकीचं काम.

नावांचं. तुमचं सॉफ्टवेअर देवनागरीत नावं ठेवते असं दिसते, छान आहे, ठेवू द्या. पण कन्सोलकडे जाताना इंग्रजी अक्षरात पाठवा. डायकॉममध्ये देवनागरीची सोय आहे, युनिकोड चालते, पण जुना सीआर कन्सोल ते वाचत नाही अन् टेक्निशियनला सगळे पेशंट प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. अन् आडनाव आधी, मग नाव, मधात टोपीसारखी खूण, ही डायकॉमची पद्धत आहे, ती पाळली नाही तर अख्खं नाव आडनावात जाऊन बसते. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नाव बदलते, आधारवर माहेरचं, रेशन कार्डावर सासरचं, खिडकीत विचारलं तर ती तिसरंच सांगते, म्हणून नावावरून कधीच काही जुळवू नका. नाव फक्त हाक मारायला. वय पण तसंच, म्हातारे माणसं “साठेक असंन” म्हणतात, मग सॉफ्टवेअर १ जानेवारी ही जन्मतारीख टाकून मोकळं होते. चालू द्या, पण दर वेळी वय विचारून जन्मतारीख बदलू देऊ नका, नाहीतर एकाच माणसाच्या तीन एक्स-रेवर तीन जन्मतारखा अन् रेडिओलॉजिस्ट म्हणतो हे तीन माणसं आहेत.

आता पेशंटच्या फाईलमधून एका क्लिकवर फोटो कसा उघडायचा ते. फोटो तुमच्या रेकॉर्डच्या डेटाबेसमध्ये घालू नका, पाया पडतो. सीआरचा एक फोटो १०-१५ एमबीचा, वर्षभरात डेटाबेस फुगून बॅकअपच घेता येत नाही. रेकॉर्डमध्ये फक्त ॲक्सेशन नंबर, अन् बटण दाबलं की ब्राउझरमध्ये व्ह्यूअर उघडून तो नंबर पॅक्सला विचारतो. ओएचआयएफ व्ह्यूअर फुकट आहे, ऑर्थँकबरोबर चालते. काही लोक नंबराऐवजी स्टडी यूआयडी साठवतात, तो प्रत्येक तपासणीचा जगात एकमेव असा लांबलचक आकडा. तांत्रिकदृष्ट्या चोख आहे, पण ऑर्थँकमध्ये चुकलेलं नाव दुरुस्त केलं की तो साधारणपणे नव्या यूआयडीची नवी प्रत बनवतो, तसंच ठेव असं वेगळं सांगितलं तरच जुना राहतो, अन् मग तुमची लिंक तुटते. ॲक्सेशन नंबर दुरुस्तीतही टिकतो. अन् व्ह्यूअर लॉगिनशिवाय उघडायचा नाही, हॉस्पिटलचं वायफाय अर्ध्या गावाच्या मोबाईलात सेव्ह असते हे तुम्हालाही माहीत आहे.

व्हॉट्सॲपवाल्या फोटोबद्दल एकच सांगतो, सीआरच्या प्रतिमेत १२ बिटच्या हिशेबाने ४०९६ छटा असतात, मोबाईलच्या फोटोत २५६. सिकलसेलच्या पोराच्या खुब्याचा गोळा बसायला लागला आहे का ते पाहायचं असते तेव्हा उजेड-काळोख खालीवर करून पाहावं लागते, अन् ते त्या मोबाईलच्या फोटोत उरलेलंच नसते.

दोन गोष्टी अशा की ज्यांची तयारी आधीच करावी लागते. पहिली, रात्रीचा पेशंट. अपघात, बेशुद्ध, सोबत कोणी नाही, खिडकी बंद. टेक्निशियन काय करतो तर १२३४ टाकून एक्स-रे काढतो. एका ठिकाणी १२३४ या एकाच “माणसाचे” दोन डोके, पाच हात अन् एक गरोदर पोट निघालं होतं. यावर उपाय म्हणजे तुमच्या सॉफ्टवेअरमधून पन्नास “तातडी” नंबर आधीच काढून त्यांच्या बारकोडच्या चिठ्ठ्या रजिस्टरमध्ये लावून ठेवायच्या, रात्री एक चिठ्ठी फाडायची, ती पेशंटच्या मनगटाला अन् तोच नंबर कन्सोलला. सकाळी ओळख पटली की तो तातडी नंबर खऱ्या नंबरात विलीन करायचा. दुसरी गोष्ट हे विलीन करणंच. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन फाईली एक केल्या की ते पॅक्सला आपोआप कळत नाही. एचएल७ मध्ये त्यासाठी ए४० नावाचा निरोप आहे, पण तुमच्याकडे एचएल७ नाही, तर मग विलीन केल्याबरोबर ऑर्थँकमधला पेशंट आयडीही बदलणारी स्क्रिप्ट त्या पोराकडून त्याच वेळी लिहून घ्या, “पुढच्या महिन्यात करू” म्हटलं की ते राहिलंच समजा. अन् विलीन करायचा हक्क एकाच माणसाला, कोणी केलं केव्हा केलं याच्या नोंदीसकट.

नेटचं विचारलं होतं. ओपीडीत फोटो दिसायला इंटरनेट लागतच नाही, सर्व्हर हॉस्पिटलातच ठेवा. जेसीबीने रस्त्याच्या कडेची फायबर तोडली तरी तुमचा एक्स-रे दिसत राहायला पायजे. बाहेर पाठवायचं असेल तर हिशेब करून पाहा, १५ एमबीचा फोटो २ एमबीपीएसच्या अपलोडवर मिनिटभरात जातो, म्हणजे नागपूरच्या रेडिओलॉजिस्टला एक्स-रे पाठवणं आरामात होते. सीटी असती तर गोष्ट वेगळी, एक काप अर्ध्या एमबीचा, चारशे काप म्हणजे २०० एमबी, तेरा-चौदा मिनिटं, तेही लाईन सलग राहिली तर. जागेचं म्हणाल तर दिवसाला ४० फोटो धरा, ६०० एमबी, वर्षाला ३०० दिवसांचे १८० जीबी. दोन-दोन टीबीच्या दोन डिस्क आरशासारख्या, म्हणजे दोन्हीवर तोच डाटा अशा, लावल्या तर दहाएक वर्षं पाहायला नको, पण आरसा म्हणजे बॅकअप नाही, वीज पडली तर दोन्ही जातात. तिसरी डिस्क दुसऱ्या इमारतीत, आठवड्याला बदलून.

विजेवरून आठवलं. ओपीडी अन् एक्स-रे रूम वेगवेगळ्या इमारतीत असतील तर मधात तांब्याची लॅन केबल टाकू नका, फायबर टाका. मृगात कुठेतरी जवळ वीज पडली की तांब्याच्या केबलवाटे दोन्हीकडचे पोर्ट जळतात, कधी कधी कन्सोलचंही कार्ड. अन् यूपीएसवर सर्व्हर असतो, कन्सोल असतो, पण मधातला तो दीड हजाराचा स्विच साध्या बोर्डवर लावलेला असतो. लाईन गेली की स्विच बंद, फोटो कन्सोलच्या रांगेत अडकले, अन् काही कन्सोल दोन-तीन प्रयत्नांनंतर सोडून देतात, पुन्हा हाताने पाठवा म्हणून लाल खूण करून गप्प बसतात. ती लाल खूण कोणी पाहत नाही. वर कन्सोलची डिस्क भरली की तो सगळ्यात जुने फोटो उडवतो, पोचले असतील असं समजून. म्हणून स्टोरेज कमिटमेंट चालू करा, त्यात पॅक्सने “माझ्याकडे सुरक्षित आहे” म्हटल्यावरच कन्सोल फोटो सोडतो. ऑर्थँकला ते येते, तुमच्या कन्सोलला येते का ते विचारावं लागेल.

सोनोग्राफी दुसऱ्या टप्प्यात घ्या. तिचीही वर्कलिस्ट निघते, पण १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंग निदान बंदीच्या, कायद्याचा फॉर्म एफ अन् रजिस्टर वेगळं चालू ठेवायचंच, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून कोणी सूट देत नाही, अन् ते रेकॉर्ड किमान २ वर्षं ठेवायला लागते. मशीन जागेवरून हलवायचं असेल तर आधी संबंधित अधिकाऱ्याला कळवा, केबल पोचत नाही म्हणून पलीकडच्या खोलीत ढकलू नका. आभा, म्हणजे सरकारच्या हेल्थ अकाउंटच्या, नंबरबद्दल लिहिलं होतं तुम्ही. १४ आकडी आहे, रेकॉर्डमध्ये जरूर ठेवा, पण पेशंट आयडी म्हणून वापरू नका, प्रत्येकाकडे तो नसतो अन् आतल्या गावातून आलेली म्हातारी नंबर काढेपर्यंत तिचा हात सुजतो.

राहिलं कोटेशनचं. ते विकतचं पॅक्स नका घेऊ, पण सीआरवाल्या कंपनीला एक मेल लिहा: आमच्या कन्सोलवर डायकॉम स्टोअर (फोटो पाठवणं), मोडॅलिटी वर्कलिस्ट अन् स्टोरेज कमिटमेंट यातलं काय काय चालू आहे, नसेल तर प्रत्येकाचे पैसे वेगवेगळे किती, अन् या मॉडेलचं कन्फॉर्मन्स स्टेटमेंट, म्हणजे त्याला डायकॉममधलं काय काय येते याचा कागद, पाठवा. वर्कलिस्ट बहुतेक वेळा मशीनमध्ये असते, फक्त लायसनने कुलूप लावलेली असते, अन् खर्च व्हायचा तो इथेच आहे, इथे कंजुषी करू नका. इंजिनिअर नागपुरातून एकदाच येतो अन् व्हिजिटचे पैसे लावतो, तर तो येईल त्या दिवशी ऑर्थँक आधीच चालू पायजे, त्या पोराला तिथे बसवा, अन् सेटिंग झाली की एई टायटल, आयपी, पोर्ट एका कागदावर लिहून कन्सोलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. उंदरांचा त्रास असेल तर प्लास्टिकमध्ये. मेलचं उत्तर आलं की ते स्टेटमेंट इथे टाका, वर्कलिस्टवालं पान मी वाचून सांगतो, अन् तोवर टेक्निशियनला उद्या सकाळी कन्सोलच्या कोपऱ्यातली तारीख तेवढी पाहायला सांगा.